‘बुडालो खंय’चं इंग्रजी

माझ्या कामाला धड नाव नव्हतं. मालवणच्या कचेरीजवळ एका वकिलांची पडवी होती. त्या पडवीत माझं टेबल आणि टेबलावर वकीलसाहेबांचाच जुना टाइपरायटर. लोक येत, बाकावर बसत, आपलं गाऱ्हाणं मालवणीत सांगत आणि मी ते इंग्रजी करून कागदावर उतरवत असे. त्याआधी थोडे दिवस मी हायस्कुलात इंग्रजी शिकवलं होतं, म्हणून सगळे मला मास्तर म्हणत. स्वातंत्र्य मिळून बरीच वर्षं झाली होती. साहेब गेला होता, पण त्याची भाषा कंपन्यांच्या आणि कचेऱ्यांच्या टेबलावर तशीच बसून होती. आमच्याकडच्या घराघरातला एक तरी माणूस मुंबईला गिरणीत, नाहीतर आगबोटीवर. त्याच्या नोकरीत, आजारपणात, मरणात काही अडलं की घरच्यांना मुंबईच्या साहेबाशी इंग्रजीतूनच बोलावं लागे. ते बोलणं माझ्याकडून होत असे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात काय आहे, मराठीचं इंग्रजी केलं की झालं. मलाही सुरुवातीला तसंच वाटे. वकीलसाहेबांनी माझा पहिला अर्ज वाचला आणि प्रत्येक वाक्याखाली पेन्सिलीने एकच प्रश्न लिहिला: हे कोण म्हणतो? पुढे सगळी वर्षं मी त्या एका प्रश्नाची चाकरी केली.

आमच्या बोलीत ऐकीव गोष्ट सांगायची सोपी सोय आहे. वाक्याच्या शेवटी ‘खंय’ लावायचं. घाटावरचे लोक ‘म्हणे’ म्हणतात, तसं. ‘तो इलो खंय’ म्हणजे तो आला असं ऐकलं, मी काही पाहिला नाही. हाच शब्द प्रश्नात आला तर त्याचा अर्थ ‘कुठे’. बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला यात कधी अडचण पडत नाही. इंग्रजीत मात्र ऐकीव गोष्टीला एवढ्या लहान शब्दात निसटता येत नाही. तिथे ‘अकॉर्डिंग टु’ लिहिलं की पुढे नाव द्यावं लागतं. अमक्याच्या म्हणण्याप्रमाणे. नाव नसेल तर ‘इट इज सेड’, असं म्हटलं जातं. पण तसं लिहिलं की साहेब कागद बाजूला ठेवतो, कारण ज्याला धनी नाही त्या बोलण्याची तो उलटतपासणी कोणाची करणार?

बरं, हे शब्द कुठे ठेवायचे तेही बघावं लागतं. ‘पोलीस पाटलांच्या म्हणण्याप्रमाणे कुंपण मोडलेलं होतं आणि शेजाऱ्याने नारळ नेले.’ हे वाक्य वाचून सांगा, नारळ नेल्याचं कोण म्हणतो? पाटील म्हणतात, की अर्जदार स्वतःच म्हणतो आणि पाटलांच्या नावामागे लपतो? अशा वाक्यावर अर्ज पडलेले मी पाहिले आहेत. ज्याने जे पाहिलं तेवढंच त्याच्या नावावर लिहायचं, उरलेल्याचा धनी वेगळा शोधायचा. माझा धंदा एवढाच.

यात गमतीही होत. अंतूशेट म्हणून एक किराणावाले होते. त्यांना थोडं इंग्रजी येत असे. आपल्या प्रत्येक अर्जात ‘अकॉर्डिंग टु मी’ घालायचं असा त्यांचा हट्ट. मी समजावलं, की हे शब्द दुसऱ्याच्या तोंडचं सांगण्यासाठी असतात. आपलं आपण सांगताना ‘माझ्या मते’ म्हणावं.

ते म्हणाले, “म्हणजे माज्या शब्दाक किंमत नाय?”

“आसा. पण तुमीच बोलतास आणि तुमीच तुमचे साक्षीदार, असा इंग्रजीत चलणा नाय.”

त्यांनी अर्ज उचलला आणि बाजारातल्या दुसऱ्या टंकलेखकाकडून हवा तसा लिहून घेतला. मुद्दाम आणून मला दाखवला. ‘अकॉर्डिंग टु मी’ जागोजागी होतं. त्यांचा अर्ज मंजूर झाला. सावित्रीचा झाला नाही.

सावित्री दांडीची, म्हणजे मालवणच्या किनाऱ्यावरच्या वाडीतली. मासे विकायची. नवरा भिकाजी मुंबईच्या एका कंपनीच्या मालबोटीवर खलाशी होता. ती पहिल्यांदा आली तेव्हा टोपली पडवीखाली ठेवून बराच वेळ उभीच राहिली. मी बस म्हटलं तरी बसली नाही. मग एका दमात म्हणाली,

“मास्तरानु, माजो घोव बुडालो खंय. कंपनीक लिवा.”

“कोणी सांगल्यान तुका?”

“सगळे म्हणतत.”

“सगळे म्हणजे कोण?”

“कसालच्या बाजारात सुकी मासळी घेवन जातंय. थंय एक शिंपी आसा, तेणा सांगल्यान.”

“तेणा बगल्यान?”

“तो शिंपी. तो दर्यात कित्याक जायत?”

भिकाजीची पत्रं येणं थांबून पावसाळा उलटला होता. तो दुसऱ्याकडून लिहून घेई, पण बोट बंदराला लागली की पत्र यायचंच. आता ना पत्र, ना तो. गावात दोन बोलणी होती. एक, तो बुडालो खंय. दुसरं, तेणा आफ्रिकेत बायल केली खंय. सावित्रीचा सासरा रामा तांडेल. सारी हयात दर्यावर काढलेला माणूस. पण मुलगा बुडाला हे ऐकून घ्यायला तयार नव्हता. घरात तो शब्द काढायची बंदी होती.

“कंपनीन काय ता लिवन देवंदे,” सावित्री म्हणाली. “बुडालो तर बुडालो. माका धड रडूक तरी गावतला.”

मी कंपनीला चौकशीचं पत्र लिहिलं. शिंप्याचं नाव घातलं नाही. खलाशाच्या मरणाला कसालचा शिंपी साक्षीदार, हे वाचून साहेब हसला असता. पतीबद्दल वाईट वार्ता कानी आली आहे, तरी खरं काय ते कळवावं, असं लिहिलं. उत्तर यायला पुष्कळ दिवस लागले. त्यात एकच वाक्य महत्त्वाचं होतं: सारंगाच्या निवेदनानुसार सदर खलाशी मोंबासा बंदरात किनाऱ्यावर गेला, आणि त्याने नोकरी सोडून पलायन केलं आहे.

सारंग म्हणजे बोटीवरच्या खलाशांचा मुकादम. मी ते वाक्य वाचलं आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. सारंगाच्या निवेदनानुसार तो किनाऱ्यावर गेला. ठीक. पण ‘आणि’च्या पुढचं कोण म्हणतो? पलायन केलं हे सारंगाने पाहिलं, की साहेबाने मुंबईत बसून ठरवलं? किनाऱ्यावर गेलेला माणूस आजारी पडतो, मारला जातो, तुरुंगात जातो. मी हे सगळं नम्र इंग्रजीत विचारलं. ते पत्र मी आजही चांगलं म्हणेन. वकीलसाहेबांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि पेन्सिल खाली ठेवली. असं ते क्वचित करत.

कंपनीने माझा मुद्दा मान्य केला, तो असा: दुसऱ्या पत्रात वाक्य दुरुस्त करून आलं, सोबत सारंगाचं नावगावही. सारंग व इतर खलाशांच्या निवेदनानुसार सदर खलाशाने मोंबासा बंदरात पलायन केलं. आता वाक्याला भोक उरलं नव्हतं. ते मीच त्यांना दाखवून दिलं होतं आणि त्यांनी ते बुजवलं होतं.

सावित्रीला मी हे मालवणीत सांगितलं. तिने विचारलं, “सारंग कोण?”

“वालावलचो आसा. नाव गोविंद.”

“तेणा बगल्यान पळताना?”

“तसा म्हणता.”

बाजाराची वेळ होती, ती टोपली उचलून गेली.

दुसऱ्या दिवशी रामा तांडेल स्वतः आला. उंच, वाळका, डोळे मिचकावत बघणारा म्हातारा. सुनेने कंपनीला लिहिलं हे त्याला कळलं होतं. मला वाटलं, हा भांडणार. पण तो बाकावर बसला आणि म्हणाला, “कंपनीन काय लिवल्यान, ता माका एकदा वाचून दाकवा.”

मी वाचलं, अर्थ सांगितला. त्याचा चेहरा उजळला.

“मगे? तुमी तिका परत परत कित्याक लिवन देतास? पळालो तर पळालो. पळणारो माणूस जितो आसता.”

गावात मुलगा पळाला म्हणून तोंड लपवावं लागतं, नात मोठी झाली की तिच्या लग्नात हाच प्रश्न येणार, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण बुडालेला अब्रूदार मुलगा आणि जिवंत असलेला बेअब्रू मुलगा, यातला दुसरा त्याने निवडला होता.

सावित्रीने मात्र हट्ट सोडला नाही. तिचं म्हणणं, बुडाल्याची बातमी कोणीतरी आणली असेलच, वाऱ्यावर आली नसेल. मग मी ठरवलं, या ‘खंय’चा माग काढायचा. कोणी पाहिलेला निघाला तर कंपनीला नावानिशी लिहिता येईल. आमच्या पेशात असं कोणी करत नाही. ज्याने त्याने आपली माहिती आणायची, आम्ही लिहायचं. पण कंपनीचं ते दुरुस्त झालेलं वाक्य मला टोचत होतं.

कसालला बाजाराच्या दिवशी गेलो. शिंपी सापडला. मशीनवरून मान वर न करता म्हणाला, “विजयदुर्गचो एक भंडारी माज्याकडे कापड शिवूक इल्लो. बोटीर जेवाण करता तो. तेणा सांगल्यान, भिकाजी बुडालो खंय.”

बोटीवरचा भंडारी म्हणजे स्वयंपाकी. मला आशा वाटली. तो त्याच बोटीवर असणार.

विजयदुर्गला जायचं म्हणजे तेव्हा खाड्या तरीतून ओलांडत जावं लागे. एक सबंध दिवस गेला. भंडारी घरीच होता, किल्ल्याच्या बाजूला, सुट्टीवर आलेला. गोड माणूस. मला जेवायला घातलं. मग सांगितलं, की भिकाजीच्या बोटीवर तो कधी नव्हताच.

“मगे तुमी कसा सांगलात?”

“माका तरीत एक बाई गावली. मालवणची. सुक्या मासळीचा वझा होता तिच्याकडे. मी बोटीवरचो म्हटल्यार माका विचारूक लागली. रडा होती. बुडालो, बुडालो म्हणा होती. माका वायट वाटला. मी कसालाक गेलंय तेवा गजालीत गजाल निघाली म्हणान सांगलंय.”

“कशी होती बाई?”

त्याने वर्णन केलं. उजव्या भुवईवर जुना व्रण, बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळायची सवय.

परतीच्या वाटेवर तरीत मी लोकांकडे पाठ करून बसलो. तो व्रण आणि तो पदर मी माझ्या टेबलासमोर कितीदा पाहिला होता.

सावित्रीला विचारलं, तेव्हा तिने लपवलं नाही. तिला ती गोष्ट इतकी साधी वाटली होती की सांगायचं सुचलंच नव्हतं. पत्रं बंद झाली तेव्हा ती विजयदुर्गला गेली होती. तिकडचे पुष्कळ लोक बोटींवर असतात, कोणाला काही माहीत असेल म्हणून. तरीत भंडारी भेटला.

“मी इचारलंय, माजो घोव खंय आसा? बुडालो तर नाय? तो गप ऱ्हवलो. माका वाटला, तेका ठावक आसा आणि सांगणा नाय. म्हणान मी रडलंय.”

मी तिला हळूहळू सांगितलं. भंडाऱ्याने तुझंच ऐकलं. त्याने शिंप्याला सांगितलं. शिंप्याने बाजारात सांगितलं. बाजारात तू ऐकलंस.

ती टोपलीच्या काठावर हात ठेवून बसली होती. म्हणाली, “म्हणजे कोणीच बगूक नाय?”

“नाय.”

“म्हणजे माजाच भय माज्याकडे फिरान इला.”

मी मान हलवली. पुढे काय लिहायचं, ते तिने विचारलं नाही. मलाही माहीत नव्हतं.

आता एकच दार उरलं होतं. मी वालावलला गेलो. कुडाळपर्यंत एस.टी., पुढे चालत. लक्ष्मी-नारायणाच्या देवळाजवळच्या तळ्याच्या पलीकडे सारंगाचं घर. माडाच्या सावलीत सुंभ वळत बसला होता. जाडजूड हाताचा, कमी बोलणारा माणूस. गूळपाणी दिलं. भिकाजीचं नाव काढताच हातातलं सुंभ थांबलं, मग पुन्हा चालू झालं.

“तुमी तेका मोंबासाक उतारताना बगलात?”

“कंपनीच्या कागदार आसा ता.”

“कागदार तुमचाच नाव आसा. तुमच्या म्हणण्याप्रमाणे, असा लिवलेला आसा.”

“मगे तसाच आसतला.”

“पण तुमी स्वतः बगलात काय?”

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “मास्तरानु, कागदार आसा ता खरा. माका आणी काय इचारू नकात.”

कंपनी सारंगाचा हवाला देत होती आणि सारंग कंपनीचा. दोघं एकमेकांच्या पाठीला पाठ लावून उभे होते आणि मध्ये माणूस नव्हता. मला कळलं, की याला काहीतरी माहीत आहे. पण मला कळलं ही काही साक्ष नव्हे. इंग्रजीत ते लिहिता आलं असतं, ‘इन माय ओपिनियन’ म्हणून. त्याला कोणी विचारलं नसतं.

त्यानंतर वर्षं गेली. गोवा आझाद झाला, त्या गडबडीत आमच्या पडवीवर वेगळ्याच अर्जांची गर्दी उसळली आणि ओसरली. सावित्री मासळी विकत राहिली. मासे घेऊन पडवीवर यायची, पण अर्जाचा विषय काढायची नाही. कपाळावर कुंकू असायचं. सासऱ्याचा तसा हट्ट होता. बायका तिच्यापुढे आपल्या नवऱ्यांची पत्रं वाचून घ्यायच्या नाहीत, ती उठून गेली की माझ्यासमोर धरायच्या. हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही, हे प्रत्येक घर आपापल्या मनाने ठरवी. काही बोलवत, काही विसरल्यासारखं करत. तिला दोन्हीचा त्रास होई.

मग एक दिवस गोविंद सारंग आपल्या पायांनी पडवीवर आला. नोकरी संपली होती. दम लागत होता. जिना नव्हता, चार पायऱ्या होत्या, पण त्या चढून तो खांबाला धरून उभा राहिला. म्हणाला, “लिवा.”

मी वकीलसाहेबांना आतून बोलावलं. त्यांच्यासमोर सारंगाने सांगितलं. मोंबासा यायच्या आधी समुद्र खवळला होता. वरच्या डेकवरचा माल बांधलेले दोर सैल झाले. “मी भिकाजीक धाडलंय दोर आवळूक. मीच धाडलंय. लाट इली. माज्या डोळ्यादेखत गेलो. माका तेचो हात दिसलो, मगे काय नाय.”

“मग बंदरात पळालो, असा कित्याक सांगलात?” वकीलसाहेबांनी विचारलं.

“कप्तान म्हणालो, चौकशी लागली तर बोट अडकान पडतली, सगळ्यांची कामा जातली. पळालो म्हणान आंगठो लाव. मी लावलंय. माज्या पाठसून सगळ्यांनी लावलो.”

एवढी वर्षं मी दुसऱ्यांच्या तोंडचं लिहीत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा मला ‘अकॉर्डिंग टु’ची गरज नव्हती. ‘आय सॉ’ असं लिहिलं. मी पाहिलं. पुढे कोणाचं नाव नाही, टेकू नाही. दुपारभर मी ते निवेदन टाइप केलं. प्रत्येक वाक्यात काय त्याने स्वतः पाहिलं, काय कप्तानाच्या तोंडून ऐकलं, ते वेगळं ठेवलं. मॅजिस्ट्रेटसमोर शपथ झाली, सारंगाने आंगठा दिला, कागद मुंबईला गेला. मला खात्री होती. वकीलसाहेबांनाही होती, आणि ते खात्री बाळगणारे गृहस्थ नव्हते.

सावित्रीला सांगायचं काम माझ्याकडे होतं. पण मी म्हटलं, उत्तर येऊ दे. कंपनीचा कागद हातात आला की तो तिच्यापुढे ठेवू. इतकी वर्षं तिने कागदच मागितला होता.

उत्तर आलं ते असं. सदर सारंगाची दोन निवेदनं कंपनीकडे आहेत. दोन्हींवर त्याचाच आंगठा आहे. पहिलं घटनेच्या वेळी, नोकरीत असताना, इतर खलाशांच्या दुजोऱ्यासह दिलेलं. दुसरं अनेक वर्षांनी, नोकरी संपल्यावर, संबंधितांच्या सांगण्यावरून दिलेलं. कंपनी पहिल्यावर विश्वास ठेवते. प्रकरण बंद.

मी त्या पत्रात भोक शोधलं. माझ्या सगळ्या शिक्षणाने, सगळ्या अनुभवाने शोधलं. एकही नव्हतं. प्रत्येक विधानाला त्याचा धनी होता, प्रत्येक शब्द आपल्या जागी होता. इतकं निर्दोष इंग्रजी मी स्वतः कधी लिहिलं नाही. आणि तो माणूस समुद्रात बुडाला होता.

सारंगाला मी कळवलं. तो म्हणाला, “मगे मीच जातंय तिच्याकडे.” मी त्याच्याबरोबर दांडीला गेलो. सकाळची वेळ. अंगणात मासळी सुकत घातलेली, रामा तांडेल एका बाजूला जाळं सांधत बसलेला. सावित्री मासळी उलटीपालटी करत होती. सारंग अंगणाच्या कडेलाच उभा राहिला. हा कोण, ते मी सांगितलं. तिने हात पदराला पुसले.

“माज्या डोळ्यादेखत गेलो, गो,” सारंग म्हणाला. “मीच धाडलेलंय तेका वर.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “खंय?”

“दर्यात. थंय गाव नाय, दिवो नाय. खंय म्हणान सांगू?”

“कायतरी बोललो?”

“वारो होतो. आयकाक येवक नाय.”

तिने मान हलवली, जणू एवढं पुरे. तेव्हा रामा तांडेलाने जाळ्यावरून मान वर केली.

“तेवा पळालो म्हणालंस. आता बुडालो म्हणतंस. तेवा खोटा बोललंस, तर आता खरा बोलतंस कशावरसून?”

कंपनीने इंग्रजीत पानभर लिहिलं होतं ते म्हाताऱ्याने अंगणात बसून तीन वाक्यांत सांगितलं.

सावित्री आत गेली. मागच्या दारी विहीर होती. तिथे अंगावर घागर ओतल्याचा आवाज आला, पुन्हा आला. मग ती रडली. मी आणि सारंग अंगणात उभे होतो, आणि म्हातारा जाळं सांधत होता. पण त्याच्या सुईला भोक सापडत नव्हतं.

पुढे जे झालं ते मी लोकांकडून ऐकलं आणि काही सावित्रीकडून. तिने भटजींना विधी करायला सांगितला. भटजी म्हणाले, देह नाही, कागद नाही, वडील जिवंत आहेत, त्यांचा होकार आण. रामाने होकार दिला नाही. ज्या घरात मुलगा जिवंत आहे त्या घरात पांढऱ्या कपाळाची सून राहणार नाही, म्हणाला. ती मुलीला घेऊन माहेरी निघून गेली. जाताना पडवीवर आली होती. कंपनीचं ते शेवटचं पत्र मी तिला द्यायला काढलं. तिने घेतलं नाही. “माका तेचा काय काम? सारंगान सांगल्यान ता आयकलंय मी.” मला वाटतं, तिचं तरी प्रकरण तिच्यापुरतं बंद झालं. पण घर गेलं, गाव गेला, मासळीचा ठरलेला बाजार गेला. याला न्याय मिळाला असं मी कुठल्या भाषेत लिहू?

सारंग पुढचा पावसाळा काढू शकला नाही.

रामा तांडेल मात्र येत राहिला. बाकावर बसायचा, थोडं इकडचं तिकडचं बोलायचा, उठून जायचा. एकदा म्हणाला, “मास्तरानु, माका एक पत्र लिवन होया. विंग्रजीत.”

“कोणाक?”

“भिकाजीक.”

मी टाइपरायटरवर हात ठेवून बसलो. वकीलसाहेब आत होते, त्यांनाही ऐकू गेलं असणार. त्यांच्या खुर्चीचा आवाज थांबला.

“तांडेलानु, तेका विंग्रजी वाचूक येणा नाय.”

“थंयसर कोणतरी वाचून दाकयत. तुमी वाचून दाकवतास ना लोकांक? तसो थंय कोणतरी आसतलो.”

“पत्तो काय घालू?”

“कंपनीन लिवल्यान ता बंदर घाला. मोंबासा. थंयच उतारलो ना तो.”

मी कागद चढवला. तो सांगत गेला आणि मी लिहीत गेलो. तुझी बायको माहेरी गेली आहे. तू आलास की ती येईल. होडी डागडुजी करून ठेवली आहे. माझे डोळे अधू झाले, जाळं आता नीट सांधता येत नाही. कोणी तुला काही बोलणार नाही. ये. त्यात कोणाचा हवाला द्यायची गरज नव्हती. तो जे सांगत होता ते सगळं त्याने स्वतः पाहिलेलं होतं. मी एक शब्द बदलला नाही. आंगठ्याला शाई लावून त्याने खाली ठसा दिला, पाकीट बंद करताना स्वतः बघितलं आणि हातात धरून पोस्टाकडे चालत गेला. मी पाठीमागून बघत होतो. वळणावर त्याने कोणाला तरी थांबवून पाकीट दाखवलं.

परदेशातला पत्ता लागला नाही तर पत्र परत येतं, हे त्याला पोस्टमास्तरांनी सांगितलं होतं. तेव्हापासून तो पोस्टात फेरी मारायचा आणि परत काही आलं का विचारायचा. पत्र परत आलं नाही. अशी पत्रं वाटेत कुठे हरवतात ते मला माहीत आहे, मी पुष्कळ पाहिली आहेत. पण रामा तांडेल मरेपर्यंत सांगत असे, की ते पोचलं.